फितुराचं घर

बेटावरच्या किल्ल्यात रोज दिवेलागणीला खेळ व्हायचा, आणि त्या खेळात तिचं मुख्य काम म्हणजे ठरल्या वाक्याला आपल्या बापावर लाल दिवा सोडणं. दिवा पडला की नदीकडच्या छोट्या दरवाज्याच्या पायऱ्यांवर तो दिसे. अंगावर काळं घोंगडं, हातात दरवाज्याचा लाकडी अडसर आणि चोरासारखी मागे वळलेली मान. बाकांवर आधी कुजबुज व्हायची, मग कुणीतरी 'थू' करायचं, मग शिट्ट्या. एखादा फारच रंगात आलेला पाहुणा पाण्याची रिकामी बाटली भिरकावायचा. बाप घाई करायचा नाही. लोकांचं पोटभर ओरडून होईपर्यंत थांबायचा, मग म्हणायचा, "किल्ला गेला तर जाऊ दे, मी राहिलो पाहिजे," आणि दार उघडायचा. पुढे स्पीकरमधून वल्ह्यांचे आवाज, आरोळ्या, आणि वर बुरुजावर पांढऱ्या उजेडात लढत पडणारा किल्लेदार. किल्लेदारासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे.

तिला सगळे लाइटवाली म्हणत. बापाला सगळे फितूर म्हणत, वाणीसुद्धा, होडीवालेसुद्धा, आणि तो निमूटपणे 'ओ' द्यायचा. हे नाव त्याला खेळामुळे पडलेलं नव्हतं. ते घराचंच नाव होतं, त्याच्या आजाच्या आजापासून चालत आलेलं.

गोष्ट अशी होती. नदी जिथे दुभंगते तिथलं हे बेट. सगळ्यात आधी म्हणे इथे नुसती जकातीची चौकी होती. तटाच्या तळाशी जे काळे ओबडधोबड दगड दिसतात ते त्या काळचे. त्यांच्यावर घडीव दगडाचा किल्ला चढला. किल्ल्याला वेढा पडला, आतल्या शिबंदीने तो नेटाने सोसला, आणि मग एका रात्री शत्रू नदीच्या अंगाने आत आला. शिबंदी कापली गेली. नदीकडच्या दरवाज्याचा पहारेकरी तेवढा जिवंत सापडला. तो वाचला, हाच त्याच्यावरचा पुरावा. दुसरा कुणी मागितला नाही. मेलेल्यांच्या बायकापोरांनी बेट सोडलं नाही; त्यांची पिलावळ म्हणजे आजची वरची आळी. आणि वरच्या आळीच्या अगदी कडेला, उकिरड्याच्या अंगाला, पहारेकऱ्याचं घर.

पुढे कैक वर्षांनी किल्ल्याचा तुरुंग झाला. घडीव दगडावर विटांच्या कमानी आल्या, गज आले. तुरुंग मोडला तेव्हा शिपाई आणि सुटलेले कैदी दोघेही इथेच राहिले, त्याच खोल्यांतून, भिंतीला भिंत लावून. कुणाच्या आजोबांनी कुणाच्या आजोबांच्या पाठीवर फटके ओढले हे तिथे पोराटोरांनाही ठाऊक. तरी त्यांच्यात सोयरिकी होतात, आणि भांडणं होतात ती नळाच्या पाण्यावरून. वरची आळी त्यांना खोल्यावाले म्हणते आणि नाक मुरडते. लाइटवालीला लहानपणापासून त्यांचा हेवा वाटायचा. खऱ्याखुऱ्या फटक्यांचं पाप दोन पिढ्यांत धुऊन निघालं, आणि आपल्या घराचं, जे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, ते काही निघेना.

घरात तिघं. ती, बाप आणि आत्या. आई ती लहान असतानाच तापाने गेली, वाढवलं आत्याने. आत्या बापाहून थोरली. घरात शिलाई मशीन घालून बसायची. हात असा साफ, की वरच्या आळीतल्या बायका तिच्याशिवाय दुसरीकडे कपडे टाकायच्या नाहीत. पण माप द्यायला आत यायच्या नाहीत. मापाला जुना कपडा पोरांच्या हाती पाठवायच्या. आत्याही मग शिवलेला कपडा दाराबाहेरच्या खुंटीला अडकवून ठेवायची, हातात द्यायची नाही.

आत्या आणि बाप एकमेकांशी बोलत नसत. खेळ सुरू झाला त्या वर्षापासून बोलणं बंद. बाप समोर बसलेला असायचा आणि आत्या भिंतीकडे बघून म्हणायची, "त्याला सांग, ताट वाढलंय." तो भिंतीकडे बघून म्हणायचा, "तिला सांग, मीठ कमी आहे." लहानपणी लाइटवाली खरंच निरोप पोचवायची. मोठी झाल्यावर तिने ते सोडलं, पण ती दोघं तिचं नाव घेऊन भिंतीशी बोलत राहिली.

कारण होते अध्यक्ष. किल्ल्याचं सगळं बघणारं जे मंडळ, त्याचे अध्यक्ष किल्लेदाराच्या घरातले. तरुणपणी त्यांचं आणि आत्याचं जमलं होतं, आणि लपूनछपून नव्हे. त्यांनी घरी सांगितलं. त्यांच्या वडिलांनी एवढंच म्हटलं, की फितुराची मुलगी या उंबऱ्याच्या आत येणार असेल तर मी उंबऱ्याच्या बाहेर जातो. तरुण अध्यक्ष काही दिवस तोंड लपवून बसले आणि मग पलीकडच्या काठावरची मुलगी करून आणली. आत्याने पुढे लग्नाचं नाव काढलं नाही. आणि बऱ्याच वर्षांनी हेच अध्यक्ष दाराबाहेर उभं राहून तिच्या भावाला म्हणाले, की खेळ बसवतोय, फितुराच्या घरातलाच माणूस फितूर झाला तर गर्दीला तोटा नाही. भाऊ हो म्हणाला. आत्याला त्या दिवशी जे बोलायचं ते ती बोलली, आणि मग थांबली ती थांबलीच.

हे असंच चालत राहिलं असतं, पण पाहुण्यांसाठी संडास बांधायचे ठरले. नदीकडच्या तटाच्या आत खड्डा घेतला, तर खाली घडीव दगड लागले, आणि तेही ओळीने. काम थांबलं. पलीकडून खोदकामवाल्या बाई आल्या. बाई रुक्ष होत्या. कुणी चहा दिला तर नको म्हणायच्या, कुणी गोष्ट सांगायला लागलं तर मध्येच तोडून खड्ड्यात उतरायच्या. वरच्या आळीला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या नाहीत. खड्ड्यात उजेड हवा म्हणून लाइटवालीला बोलावलं गेलं, आणि ती वायरी ओढत असताना बाईंनी आपणहून, तिला वाटेतून बाजूला करता करता, सांगितलं. नदीकडचा तटच इथे पालथा पडलाय, आतल्या बाजूला, दरवाज्याच्या चौकटीसकट. त्याच्यावर हा नदीचा गाळ. आणि लढाईची राख, बाणांची टोकं, हाडं, सगळी त्या गाळाच्या वर.

"म्हणजे?" लाइटवालीने विचारलं.

"म्हणजे आधी पूर आला, भिंत पडली, मग शत्रू आला. दरवाजा कुणी उघडणार कुठून? दरवाजा उभाच नव्हता. तुम्ही खेळात दाखवता तो तुरुंगवाल्यांनी नंतर बांधलाय. विटा बघा की त्याच्या."

ती विटा रोज बघत होती. तिने हातातली वायर खाली ठेवली आणि बाईंना तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. बाईंनी वैतागून सांगितलं.

घरी तिने जेवताना विषय काढला. आत्याचा हात ताटातच राहिला. मग तिने विचारलं, "ती बाई हे सगळ्यांसमोर बोलेल?" लाइटवाली म्हणाली, बोलेल, तिला कुणाची भीड नाही. बापाने पाण्याचा तांब्या उचलला, प्यायला, खाली ठेवला आणि भिंतीला सांगितलं, "तिला सांग, उगाच हुरळून जाऊ नको."

सभा तुरुंगाच्या जुन्या भोजनखोलीत भरली. वरची आळी झाडून आली होती. खोल्यावाले गंमत बघायला मागे उभे होते. आत्या कित्येक वर्षांत मंडळाच्या सभेला आली नव्हती. ती आली आणि सरळ पहिल्या बाकावर बसली. त्या बाकावरची माणसं एकेक करून उठली, कुणाला पंख्याखाली बसायचं होतं, कुणाला दाराशी, आणि अख्खा बाक तिच्या एकटीचा झाला. लाइटवाली जाऊन तिच्याशेजारी बसली.

बाईंनी खड्ड्यात सांगितलं तेच, त्याच आवाजात सांगितलं. मग आळीतले निवृत्त मास्तर उठले. त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, की मग आमची माणसं पुरात सापडली, असं बाईंचं म्हणणं आहे का. बाई म्हणाल्या, तसं दिसतं. मास्तर म्हणाले, म्हणजे ती लढली नाहीत? बाई म्हणाल्या, लढली, पण भिंत पडल्यावर ती हरणारच होती, फितुरीची गरज नव्हती. एवढं म्हणायची खोटी, खोली उसळली. पिढ्यान्‌पिढ्या जी माणसं दगा झाला म्हणून हरली होती, ती आता नुसतीच हरली होती, आणि ते कुणाला गिळवेना. कुणी म्हणालं, बाईंना कुणी पढवलंय. कुणी म्हणालं, रोज खड्ड्यात दिवा घेऊन कोण जात होतं ते बघा. मागून कुणीतरी म्हणालं, फितुराच्या पोटी दुसरं काय येणार, आणि हशा झाला.

अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी हात वर करून लोकांना शांत केलं. बाईंना जे सापडलं ते काचेत ठेवू, फलक लावू, मंडळाला काही लपवायचं नाही. पण खेळ तो खेळ. लोक खेळासाठी येतात. त्यात बदल होणार नाही.

तेव्हा आत्या उभी राहिली. ती जोरात बोलली नाही. मशीनवरून दोरा मागावा तशी बोलली.

"तुमच्या वडिलांनी मला नको म्हटलं ते त्या दरवाज्यापायी. दरवाजा नव्हताच, असं ही बाई म्हणते. तुम्ही काय म्हणता?"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "मंडळाच्या सभेत घरगुती विषय नकोत." आणि पुढचा मुद्दा काढायला मान वळवली.

लाइटवाली उठणार होती. पण तिच्याआधी मागे दाराशी तिचा बाप उठला. त्याने खेळात बोलतो तसा घसा साफ केला आणि सांगितलं, की बाई शिकलेल्या आहेत, पण आमच्या घरात आजापणजापासून सांगत आलेत, दरवाजा आमच्याच माणसाने उघडला. घरच्या माणसाहून जास्त कुणाला कळणार?

हे साफ खोटं होतं. घरात ती गोष्ट कुणी कधी तोंडावर आणली नव्हती. आणली असती तर आजोबांनी चुलीतलं लाकूड फेकून मारलं असतं. पण वरच्या आळीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनीसुद्धा. बापाला आळीने टाळ्या वाजवल्याचं लाइटवालीने पहिल्यांदाच पाहिलं. तो लाजल्यासारखा हसला आणि खाली बसला. आत्याने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती लोकांच्या पायांवरून वाट काढत बाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप नदीवर दाढी करत बसला होता तिथे लाइटवाली गेली. तिने विचारलं, का बोललात. तो गालावरचा साबण काढत राहिला. तिने पुन्हा विचारलं.

"माझ्या आजावर थुंकायचे ते फुकट," तो म्हणाला. "माझ्या बापावर फुकट. मी त्याला तिकीट लावलं. आता ते रांगेत उभे राहतात, आणि मी म्हणेपर्यंत थांबतात. मी नाही म्हटलं तर खेळ पुढे जात नाही. हे सोडून काय करू? उकिरड्याशेजारी खाटेवर बसू?"

"आत्याचं काय?"

"तिचं जे व्हायचं होतं ते झालं. भिंत पडली काय आणि नाही काय, तिचं वय परत येतंय का?"

ती म्हणाली, तुम्ही खेळातले नाही, खरोखरचेच फितूर आहात. तो आरशात बघून म्हणाला, की मग लाल दिवा बरोबर माणसावर पडतोय, चांगलं झालं. वस्तरा त्याच्या हातात अगदी स्थिर होता, आणि तिला त्या क्षणी त्याचा जेवढा राग आला तेवढा वरच्या आळीचाही कधी आला नव्हता.

त्या संध्याकाळी बाक भरलेले होते. सभेची बातमी पलीकडे गेली होती आणि लोक जास्तच आले होते. स्पीकरमधून ठरलं वाक्य आलं. तिचा हात बटणावर होता. तिने तो उचलला आणि मांडीवर ठेवला.

किल्ला काळामिट्ट राहिला. बाप पायऱ्यांवर उभा होता हे फक्त तिला माहीत होतं. तो थांबला, नेहमीसारखा, लोकांच्या शिव्यांसाठी. पण जे दिसत नाही त्याला कोण शिव्या देणार? बाकांवरून एकदोघं खोकले. अंधारातून त्याचा आवाज आला, "किल्ला गेला तर जाऊ दे," आणि पुढचं येण्याआधी कुणीतरी बोललं, "आधी वीज गेली बघा," आणि अख्खे बाक हसले. मनापासून, खिदळून. तो पुढचं वाक्य बोललाच, हशातून, आणखी मोठ्याने. मग दोन पावलं ऐकू आली, आणि अडसर दगडावर आपटल्याचा आवाज, आणि मग दुसरा, जड, मऊ आवाज.

तिने सगळे दिवे एकदम लावले. बाप पायऱ्यांच्या खाली पडला होता, घोंगड्यात गुरफटलेला, आणि त्याचा पाय उजेडात वेडावाकडा दिसत होता. लोक अजून हसत होते. त्यांना वाटलं, हाही खेळच.

पायऱ्या तिला ठाऊक होत्या. त्या वेळी आठवल्या नाहीत, एवढंच. की आठवल्या होत्या, हे पुढे तिचं तिलाही सांगता येईना.

टाच मोडली होती. पलीकडच्या दवाखान्यात प्लास्टर घातलं आणि डॉक्टरांनी पायऱ्या कायमच्या बंद केल्या. मंडळाने तिला काढलं. काढायला अध्यक्ष स्वतः आले नाहीत, भाच्याला पाठवलं. तो खेळातला किल्लेदार. त्याने बापाकडे बघून हळहळ केली, तिच्याकडे बघितलं नाही. आळीत आता नवीन बोलणं सुरू झालं, की पोरीने सख्ख्या बापाला अंधारात ढकललं. वाण्याने तिला 'काय फितुरीणबाई' म्हणून हाक मारली, आणि तिला जाणवलं की इतक्या पिढ्यांत पहिल्यांदाच ते नाव कुणालातरी खरं लागू पडलंय. तिने भांडण केलं नाही. सामान घेतलं आणि घरी आली.

खेळ थांबला नाही. शहरातून एक तरुण नट आणला, पगारी. फलकही लागला. 'नदीकडील तट पुरात खचला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.' फलक कमानीच्या आत, जिथे लोक चपला झटकतात तिथे. बाईंनी तो वाचला आणि खड्डा बुजवून निघून गेल्या. बाप खाटेवर पडून संध्याकाळी आवाज ऐकायचा. "घाई करतोय," म्हणायचा. "थुंकायला वेळच देत नाही लोकांना."

लाइटवालीला पलीकडच्या सभागृहात काम लागलं. रोज दुपारी उशिरा होडी. एके दिवशी ती निघायच्या बेतात असताना अध्यक्ष आले. हातात फळांची पिशवी. एकटेच होते, आणि म्हातारे दिसत होते. ते नेहमीसारखे दाराबाहेर थांबले नाहीत. एक पाय उंबऱ्यावर ठेवला. म्हणाले, फितूर बरा झाला की त्याला प्रवेशाशी खुर्ची टाकून देऊ, पाहुण्यांना त्याच्याबरोबर फोटो हवे असतात. नट फोटोला थांबत नाही.

आत्या मशीनवरून उठली आणि दारात येऊन उभी राहिली, अशी की त्यांना पाय मागे घ्यावा लागला.

"या उंबऱ्याच्या आत यायचं नाही," ती म्हणाली.

"मी त्याला भेटायला आलोय."

"तुमच्या वडिलांना विचारून आलात का?"

अध्यक्षांचा चेहरा पडला. त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली, कपडे अडकवायच्या, आणि तोंड उघडलं. ते काय बोलणार होते ते कळलंच नाही, कारण आतून खाटेवरून बाप ओरडला, "ताई, त्यांना आत येऊ दे!"

भिंतीला नाही, पोरीला नाही, तिला. आत्या गर्रकन वळली. लाइटवालीला क्षणभर वाटलं, आता काहीतरी मऊ घडेल. पण आत्याने सुरुवात केली ती थेट त्या दिवसापासून, ज्या दिवशी तो खेळाला हो म्हणाला होता, आणि एकेक करून सगळं काढलं: घोंगडं, टाळ्या, सभा, लाइटवालीच्या आईच्या आजारपणात तो कुठे होता ते, मिठावरून केलेली कुरकुर. बापही उशीवर कोपर टेकून उठला आणि म्हणाला, की तुझ्या रडगाण्यापायी या घरात कुणी हसलं नाही, माझी बायको हसायला घाबरायची. ती म्हणाली, तुझी बायको माझ्यापाशी रडायची, तुला काय माहीत. दोघांचेही आवाज इतक्या वर्षांनी एकमेकांवर आदळत होते आणि दोघांनाही पुरे म्हणायचं नव्हतं. समोरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. अध्यक्ष कधी निघून गेले ते कुणाला दिसलं नाही.

लाइटवालीने अवजारांची पिशवी खांद्याला लावली. होडी चुकली असती. ती बाहेर पडताना बाप तावातावाने खाटेवरून पाय खाली टाकत होता, आणि आत्या दारातून ओरडत आत आली:

"पाय खाली सोडू नकोस, सुजेल. आणि ऐक, माझं अजून संपलेलं नाही."

घाटापर्यंत तिला त्यांचं भांडण ऐकू येत होतं. होडीवाल्याने काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, काही नाही, बोलतायत. आणि पुढच्या फळीवर जाऊन बसली.